राइड-ऑन मोवरचं इंजिन बदलताय? एचपी नंतर बघा, आधी शाफ्ट मोजा

जिमखाने, गोल्फ क्लब, मोठे कॅम्पस आणि कर्जत-अलिबागकडचे फार्महाउसवाले, एवढ्यांकडेच मुंबईच्या आसपास बसून चालवायचं गवताचं मशीन असतं, त्यामुळे त्याचा मेकॅनिक शोधायला गेलं की बाइकवाला म्हणतो जनरेटरवाल्याकडे जा आणि जनरेटरवाला म्हणतो नवीन इंजिन टाका साहेब. बहुतेक मशीनं अमेरिकन असतात, इंचात बनलेली, आणि आपल्याकडचं अर्धं मार्केट मिलिमीटरमध्ये, सगळा घोळ इथनं सुरू होतो. पावसाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत येतं तेव्हा धावपळ करण्यापेक्षा हे काम मेमध्येच उरकून घ्या.

पण थांबा, इंजिन खरंच गेलंय का ते आधी बघा. सेल्फ मारला की अर्धा फेरा फिरून अडकतंय, परत मारलं की परत अडकतंय, म्हणजे जाम झालं असं सगळे म्हणतात, पण ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकन मेकच्या ओएचव्ही (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेल्या) सिंगल सिलिंडरमध्ये बऱ्याचदा नुसतं व्हॉल्व्हचं सेटिंग सैल झालेलं असतं. या इंजिनात स्टार्ट होताना व्हॉल्व्ह किंचित उघडा धरून कॉम्प्रेशन थोडं सोडून द्यायची सोय असते, गॅप वाढला की ती सोय चालत नाही आणि सेल्फला पूर्ण कॉम्प्रेशन ढकलावं लागतं, मग तो अडकणारच. फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन गॅप सेट केला की झालं. दुसरं म्हणजे धूर काढतंय, ऑइल पितंय, ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा सोडायच्या नळीतून) ऑइल येतंय, तर पिस्टन रिंगवर खापर फोडायच्या आधी हेड गॅस्केट बघा, सिलिंडर आणि पुशरॉडच्या खोबणीमधल्या अरुंद पट्टीवर ती फुटते आणि सगळं प्रेशर खाली क्रँककेसमध्ये जातं. गॅस्केट नव्या इंजिनाच्या मानाने फुकटच म्हणायची. आणि कॉम्प्रेशन गेज लावून आकडा कमी आला म्हणून घाबरू नका, त्या वर सांगितलेल्या सोयीमुळे तो कमीच येतो, खरी टेस्ट लीकडाउनची, म्हणजे प्लगच्या जागेतून हवा भरायची आणि ती कुठून सुटते ते ऐकायचं. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं असेल तर मात्र पुढचं वाचा.

आता ओळख. बॉनेटवर जो मोठा स्टिकर असतो, १८.५ एचपी वगैरे, तो फोटो काढून कुणाला पाठवू नका, त्याचा काही उपयोग नाही, ती मशीनची जाहिरात आहे. इंजिनाचा नंबर इंजिनावरच असतो. ब्रिग्जवर तो पंख्याच्या कव्हरवर नाहीतर व्हॉल्व्ह कव्हरवर पत्र्यात ठोकलेला असतो, मॉडेल, टाइप, कोड असे तीन गट. कोहलरवर स्टिकर असतो, त्यावर मॉडेल, स्पेक आणि सीरियल. होंडाचा सीरियल क्रँककेसवर असतो. गवताचा चिकटा आणि ऑइल मिळून वर जो थर बसलेला असतो तो डिझेलच्या फडक्याने हळू पुसा, तारेचा ब्रश मारलात तर स्टिकरसकट नंबर जाईल. अंधुक दिसत असेल तर मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, ठोकलेले आकडे सावलीत उठून दिसतात.

ब्रिग्जचा नंबर वाचायला सोपा आहे. समजा २८७७०७ आहे. पहिले दोन आकडे क्युबिक इंचात कपॅसिटी, म्हणजे २८, ते झाले साधारण ४५९ सीसी. तिसरा डिझाइनचा. चौथा महत्त्वाचा, तिथे ० ते ४ असेल तर शाफ्ट, म्हणजे इंजिनातून बाहेर आलेला, पुली बसते तो दांडा, आडवा आणि ५ ते ९ असेल तर उभा, इथे ७ आहे म्हणजे उभा. शेवटचा ७ म्हणजे बॅटरीवरचा सेल्फ आणि चार्जिंगवालं. कोड ०७०४१२ ने सुरू होत असेल तर इंजिन १२ एप्रिल २००७ चं. टाइप नंबर लोक लिहूनच घेत नाहीत, आणि नेमका त्यावरच शाफ्टची लांबी, चार्जिंगचा प्रकार, असे सगळे फरक ठरतात. कोहलरमध्ये सीव्ही१५एस म्हणजे कमांड सीरिज, व्ही म्हणजे व्हर्टिकल, १५ एचपी, एस म्हणजे इलेक्ट्रिक स्टार्ट, पण तिथेही शाफ्ट कुठला ते स्पेक नंबरच सांगतो. नावावर टेकुमसेह दिसलं तर त्याच मेकचं नवीन इंजिन शोधत बसू नका, त्यांचं पेट्रोल इंजिनाचं उत्पादन २००८ मध्येच बंद झालं, दुसऱ्या मेकचं बसवावं लागेल.

आणि एचपी? अमेरिकेत मोवर इंजिनांवर एचपीचे आकडे फुगवून छापतात म्हणून कंपन्यांवर मोठी केस झाली, २०१० मध्ये सेटलमेंट झालं, तेव्हापासून बऱ्याच इंजिनांवर एचपीऐवजी सीसी नाहीतर टॉर्क लिहिलेला दिसतो. तेव्हा दुकानात जाऊन नुसतं १८ एचपी द्या म्हणणं म्हणजे पायाचा नंबर न सांगता वजन सांगून चप्पल मागणं. एक-दोन एचपी इकडेतिकडे झाले तर मशीनला काही फरक पडत नाही. शाफ्ट चुकला तर इंजिन खोक्यातच राहतं.

शाफ्ट व्हर्नियरने मोजा, टेपने नाही. सिंगल सिलिंडर राइड-ऑनमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा साइज म्हणजे १ इंच जाडी, म्हणजे २५.४ मिमी, लांबी ३ पूर्णांक ५/३२ इंच, म्हणजे साधारण ८० मिमी, चावीची (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून मध्ये बसणाऱ्या लोखंडी पट्टीची) खाच पाव इंच, आणि टोकाला ७/१६ चे बारीक आटे, इंचाला २०. हे बारीक आटे लक्षात ठेवा, कारण नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर मार्केटला साडेतीन सूत (म्हणजे ७/१६) बोल्ट मागितलात तर तो तुमच्या हातात १४ आट्यांचा जाड बोल्ट ठेवेल, तो दोन फेरे जाईल आणि मग जोर लावलात तर शाफ्टचे आटे खलास. जुना बोल्ट खिशात घेऊनच जा, नटावर चढवून बघा आणि यूएनएफ, म्हणजे इंचातले बारीक आटे, हवाय म्हणून सांगा.

दुसरा धोका २५ मिमीचा. कुणीतरी सांगणार की हे इंजिन २५ मिमी शाफ्टचं आहे, सेमच आहे. सेम नाही. २५.४ च्या पुलीत २५ चा शाफ्ट घातला तर ०.४ मिमीचा खेळ राहतो, हाताला जेमतेम जाणवतो, पण तीन हजारांच्या वर आरपीएम गेले की पुली मार खाते, चावी झिजते, इलेक्ट्रिक क्लचचं (शाफ्टवर बसून ब्लेड चालू-बंद करतो त्याचं) बेअरिंग जातं. लेथवाला पत्र्याची शिम घालून देतो म्हणेल, नको म्हणा, फार तर पुलीचं भोक मोठं करून नीट बुश घालून घ्या आणि खाच नव्याने काढून घ्या, पण क्लच असेल तर तेही जमत नाही.

तिसरा, सगळ्यात महागातला. मार्केटमध्ये जी स्वस्त १३ एचपीची इंजिनं मिळतात, पंपाची, जनरेटरची, ती आडव्या शाफ्टची असतात, आणि आपल्याला उभ्या शाफ्टचं हवंय. ती उभी करून बसवू असं म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि निघा तिथून. इंजिन उभं केलं की ऑइल जिथे असायला हवं तिथे राहत नाही, एक तर सिलिंडरकडे जातं नाहीतर बेअरिंगला मिळतच नाही.

शाफ्ट जुळला की बाकीचं बघा. बसायची भोकं कशी आहेत ते जुन्या इंजिनाखाली पुठ्ठा धरून छापून घ्या आणि तोच पुठ्ठा दुकानात न्या. सायलेन्सरचं तोंड कुठल्या बाजूला आहे, पेट्रोलची नळी त्याच्या जवळून तर जात नाही ना. टाकी कार्बोरेटरच्या वर असेल तर पेट्रोल आपोआप उतरतं, खाली असेल तर पंप लागतो, नव्या इंजिनावर तो आहे का.

काढायचं काम तसं सरळ आहे. बॅटरीची मायनस आधी काढा, पेट्रोल काढून घ्या, प्लगची टोपी काढा, डेक, म्हणजे पात्यांवरचं खालचं कव्हर, खाली उतरवून बाहेर सरकवा. प्रत्येक वायरचा फोटो काढा आणि टेप लावून नाव लिहा, एक चार्जिंगची, एक कार्बोरेटरखालच्या सोलेनॉइडची (पेट्रोल बंद करणाऱ्या व्हॉल्व्हची), एक इंजिन बंद करायची. समुद्राजवळच्या मैदानावरचं मशीन असेल तर पुली शाफ्टला गंजून चिकटलेली असणार, आदल्या रात्री गंज सुटायचं ऑइल मारून ठेवा. बोल्ट सोडताना शाफ्ट फिरतो, तेव्हा प्लग काढा, पिस्टन कॉम्प्रेशनला वर येताना थोडा खाली असेल तिथे थांबवा, प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत सोडत जा, एक टोक बाहेर ठेवा, आता पिस्टन दोरीवर अडकतो आणि बोल्ट नेहमीसारखा उलटा फिरवून सुटतो. गोटी पाना लांब दांड्याचा घ्या. पुली पुलरनेच काढा, हातोडी मारून पुली वाकवली तर तशी दुसरी मुंबईत शोधत फिराल. इंजिन ३०-४० किलोचं असतं, चेन कप्पी नसेल तर दोघांनी उचला.

नवीन बसवताना शाफ्टला पॉलिश पेपर मारून अँटीसीझ किंवा साधं ग्रीस लावा. वरची पुली, मग क्लच, जसं निघालं त्याच्या उलट क्रमाने. क्लचला फिरू न देणारी खिटी असते ती तिच्या जागी बसली पाहिजे, नाहीतर पहिल्याच ऑनला क्लचची वायर तुटते. मधला बोल्ट साधारण ५० फूट-पाउंडला, टॉर्क पाना नसेल तर मागून आणा, अंदाजाने आवळू नका.

वायरिंगमध्ये एकच जागा जपायची. इंजिन बंद करायची वायर अर्थ झाली की इंजिन बंद होतं, तिला कधीही १२ व्होल्ट लागता कामा नयेत, लागले की ठिणगी देणारी कॉइल उडाली. मल्टिमीटर बीपवर ठेवून बघा, चावी ऑफ असताना ही वायर आणि चेसिसमध्ये बीप यायला हवा, चावी ऑन, ब्रेक दाबलेला, ब्लेड बंद अशा स्थितीत बीप जायला हवा. हे जुळलं की मगच जोडा.

नवीन इंजिन बऱ्याचदा ऑइलशिवाय येतं. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आपल्या हवेत एसएई ३० चालतं, सिंगलला साधारण १.४ लिटर, ट्विनला (दोन सिलिंडरवाल्याला) १.९ च्या आसपास, पण काठीवर बघूनच भरा. पेट्रोलचं म्हणाल तर ही इंजिनं १० टक्के इथेनॉलपर्यंतची बनवलेली असतात आणि पंपावर आता ई२० मिळतं, ते पावसाळी हवेत पाणी ओढतं, म्हणून टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवू नका, लागेल तेवढंच आणा, आणि मशीन उभं करून ठेवायचं असेल तर कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवून संपवा.

पहिल्यांदा चालू केल्यावर ब्लेड न लावता अर्ध्या रेसवर काही मिनिटं फिरवा, गळती बघा, थंड झाल्यावर खालचे बोल्ट परत आवळा, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असतो तेव्हा जोर बेताचा. गव्हर्नरच्या, म्हणजे रेस ताब्यात ठेवणाऱ्या भागाच्या, स्प्रिंगला हात लावू नका, रेस वाढवली की गवत जास्त चांगलं कापलं जात नाही, रॉड मात्र लवकर तुटतो. पाच ते आठ तास चाललं की ऑइल बदला. जुनं इंजिन लगेच कुर्ल्याच्या भंगारवाल्याला देऊ नका, त्यातला सेल्फ, कार्बोरेटर, कॉइल आणि पंख्याचं कव्हर काढून ठेवा, त्याच मेकचं नवीन घेतलं असेल तर यातलं बरंचसं तसंच लागतं आणि इथे मागवायचं म्हटलं की महिना जातो.