मुलांच्या मायनस नंबरासाठी ॲट्रोपिनचे थेंब: खरंच डोळ्यात जातील असे कसे घालावेत

डॉक्टरांनी डोळे तपासून कमी मात्रेचं ॲट्रोपिन लिहून दिलंय आणि रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालायला सांगितलंय, असं धरून चालते. हात धुवा हेही सांगत बसत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून घ्या. या थेंबांनी नंबर उतरत नाही, चष्मा सुटत नाही. डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांबत जातो म्हणून मायनस नंबर वाढतो, आणि ते लांबणं थेंबांमुळे मंदावतं, इतकंच. ‘महिनाभर घातले, काही फरक नाही’ म्हणून बाटली बाजूला ठेवणाऱ्यांनी मुळात सुरूच करू नये.

बाटली घेताना लेबल वाचा, दर वेळी. 0.01, 0.025 आणि 0.05 टक्के या कमी मात्रा. 1 टक्क्याचं ॲट्रोपिनही मिळतं आणि ते 0.01 च्या शंभर पट तीव्र असतं. त्याने बाहुली कित्येक दिवस मोठी राहते, उजेड सोसत नाही, पुस्तकातलं अक्षर पुसट होतं. आणि ती बाटली घरी पाणी घालून सौम्य करायची अक्कल कोणी शिकवली तर तिथून उठून जा.

आता थेंब घालणं. सगळे टक्केवारीवर वाद घालतात, पण माझे पहिले सहा महिने वाया गेले ते इथे. मुलीला खुर्चीत बसवायचं, मान मागे, खालची पापणी ओढायची आणि बाटली डोळ्यासमोर आणायची. टोक दिसलं की ती डोळे गच्च मिटायची. थेंब पापणीवर पडून गालावरून कानाकडे ओघळायचा. मग मी दुसरा टाकायचे, तिसरा टाकायचे. महिनाभर पुरायची बाटली पंधरवड्यात संपली तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. सहा महिन्यांनी नंबर अर्ध्या नंबराने (0.5) वाढलेला निघाला आणि मी औषधालाच नावं ठेवायला लागले. डॉक्टर काही बोलले नाहीत. साध्या वंगणाच्या थेंबांची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘घालून दाखवा.’ तीन प्रयत्नांत एकही थेंब आत गेला नाही.

तेव्हापासून घालते ते असे. मुलीला उशी न घेता उताणं झोपवायचं, डोळे मिटलेले. हो, मिटलेलेच. मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक छोटी खळगी असते, तिच्यात एक थेंब सोडायचा. तो तिथे मण्यासारखा थांबतो. मग सांगायचं, ‘आता छताकडे बघ.’ पापणी उघडली की थेंब आपसूक आत सरकतो. बाटलीचं टोक दिसत नाही, त्यामुळे भीती नाही आणि झटापटही नाही. मान जरा जरी कलली तर मणी गालावर घरंगळतो, म्हणून चेहरा सरळ हवा.

आत गेला की काम संपलं असं समजू नका. लगेच डोळा हलकेच मिटायला सांगा. गच्च मिटला किंवा फडफडवला तर औषध बाहेर येतं. मग नाकालगतच्या त्याच कोपऱ्यावर बोट ठेवून एक-दोन मिनिटं अलगद दाबून धरा. अश्रू नाकात उतरतात ती नळी तिथेच आहे. ती मोकळी राहिली तर औषध नाकातून घशात जातं, अंगात भिनतं आणि डोळ्याला कमी मिळतं. ‘आई, कडू लागतंय’ अशी तक्रार आली तर बोट चुकीच्या जागी आहे. आमच्याकडे एका डोळ्याला तेराचा पाढा तीनदा, असा हिशोब आहे. मूल फार लहान असेल तर हे दाबणं अजिबात टाळू नका. चेहरा लाल होणं, तोंडाला कोरड, छातीत धडधड असं काही दिसलं तर थेंब थांबवून डॉक्टरांना फोन करा.

‘दोन थेंब टाका, एक तरी आत जाईल’ हा सल्ला मला सर्वात जास्त वेळा मिळाला आणि तो सर्वात वाईट आहे. पापणीच्या आत जेमतेम एका थेंबाची जागा असते. पहिला नीट गेला असेल तर दुसरा त्यालाच धुऊन बाहेर काढतो. दुसरा टाकायचा तो पहिला पुरता गालावर गेला असेल तरच. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घालायचे नाहीत.

बाकीचं सोपं आहे. टोक पापणीला लागू देऊ नका. दुसऱ्या औषधाचेही थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडा. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहा आणि उघडल्यानंतर वापरायची लेबलवरची मुदत संपली की थेंब उरले असले तरी फेकून द्या. उन्हात डोळे दिपत असतील तर टोपी द्या. वाचताना पुसट दिसत असेल तर डॉक्टरांना सांगा, मात्रा आपल्या मनाने बदलू नका.

कोणती मात्रा, हे डॉक्टर ठरवतील. हाँगकाँगमधल्या 4 ते 12 वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात (निष्कर्ष 2019 मध्ये छापले गेले) पहिल्या वर्षात औषध नसलेले साधे थेंब घातलेल्यांचा नंबर सरासरी 0.81 ने वाढला, 0.01 टक्केवाल्यांचा 0.59 ने आणि 0.05 टक्केवाल्यांचा 0.27 ने. मात्रेनुसार इतका फरक पडतो, म्हणून आपल्या मुलाला किती उपयोग होतोय ते कळायला दर सहा महिन्यांच्या तपासणीत नंबराबरोबर डोळ्याची लांबीही मोजून मागा. ती मिलिमीटरमध्ये येते. मी वहीत लिहून ठेवते, कारण थेंबांचा परिणाम नंबरापेक्षा तिथे स्वच्छ दिसतो.

आणि दोन वर्षांनी ‘आता स्थिर झालाय’ म्हणून परस्पर बंद करू नका. थेंब अचानक थांबवले तर नंबर पुन्हा जोरात धावू शकतो, मात्रा जास्त असेल तर अधिकच. बंद करायची वेळ आणि पद्धत डॉक्टरांकडूनच घ्या, आणि बंद केल्यावरही सहा महिन्यांची तपासणी चालू ठेवा.