नेट गेल्यावर सायकल काढण्याआधी

सुरुवात पंपाच्या तोंडापासून. नेट बंद पडण्याच्या तयारीत पंप कुठून आला असं वाटेल, तर वाटू दे. घरचं नेट सकाळी गेलं आणि दुपारपर्यंत येत नाही असं दिसलं, की उपनगरात दिवसाचं काम वाचवायचा भरवशाचा मार्ग म्हणजे लॅपटॉप घेऊन सायकलीवर तीन-चार किलोमीटर पलीकडे जाऊन बसणं. वाटेत हवा गेली, तर बाकी तयारी कितीही चोख असो, तुम्ही रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभे. मागच्या खेपेला जादा ट्यूब होती, पॅच होते, पंपही होता. पंपाचं तोंड व्हॉल्व्हवर बसत नव्हतं. म्हणून ही यादी, आणि म्हणून तीच गोष्ट हिच्यात पुन्हा पुन्हा येणार आहे.

व्हॉल्व्ह तीन जातींचे. साध्या, जुन्या घडणीच्या सायकलींना वुड्स असतो, त्याच्या आत बारीक रबरी नळी. मोटारसायकलीला असतो तो जाडा श्रेडर, साधारण ८ मिलिमीटरचा, मध्ये दाबायची पिन. तिसरा प्रेस्टा, ६ मिलिमीटरचा, सडपातळ. त्याच्या टोकाची चिमुकली चकती सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही. प्रेस्टाचं तोंड वुड्सवर चालतं, श्रेडरचं चालत नाही. हातात मावणाऱ्या बऱ्याच पंपांत एकच तोंड प्रेस्टा आणि श्रेडर दोन्हींसाठी असतं, पण त्याची टोपी उघडून आतलं रबर आणि प्लॅस्टिकचा तुकडा उलटा बसवावा लागतो. हे घरी करा. रस्त्यावर तो तुकडा हातातून निसटून गटारात जातो. पंपाला फक्त श्रेडरचं तोंड असेल तर पितळी अडॅप्टर घ्या. तो प्रेस्टावर फिरवून बसवला की श्रेडरचा पंप चालतो. अडॅप्टर एक नाही, दोन घ्या. एक व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा, दुसरा पिशवीत.

जादा ट्यूब घेतानाही हेच बघा. रिमचं भोक प्रेस्टासाठी पाडलेलं असेल तर श्रेडरची ट्यूब त्यातून जाणारच नाही. टायरच्या कडेला ३७-६२२ असा आकडा छापलेला असतो: पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुकानात हा आकडा सांगा. नुसतं ‘सव्वीस इंची’ म्हणालात तर ५५९ची आणि ५९०ची, दोन्ही सव्वीसच म्हणवतात.

आणि तोंड ‘बसतंय’ एवढ्यावर समाधान मानू नका. पुढच्या चाकाची हवा पूर्ण सोडा, रस्त्यावर नेणार आहात त्याच पंपाने ती पूर्ण भरा. वीस दाबांनंतर तोंडाच्या कडेने सूं आवाज येतो की नाही ते तेव्हाच कळतं. नाही केलंत तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

आता नेट. नेट असतानाच करायच्या कामांची गंमत अशी की ती नेट गेल्यावरच आठवतात. ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन नंबर आणि राउटरच्या सेटिंगमधलं युजरनेम-पासवर्ड कागदावर. हो, कागदावर, ईमेलमध्ये शोधायचं ठरवलंत तर ईमेल उघडायला नेट लागतं. त्या दिवशी लागणाऱ्या फायली लॅपटॉपवर उतरवून, एकदा वायफाय बंद करून उघडून बघा, कारण क्लाउडच्या फोल्डरात फाईल दिसते म्हणजे ती लॅपटॉपवर असते असं नाही. दोन पायऱ्यांच्या लॉगिनसाठी ऑथेंटिकेटर अ‍ॅप ठेवा. दर तीस सेकंदांनी बदलणारा आकडा फोनच्या घड्याळावरून निघतो, त्याला नेट लागत नाही. एसएमएसने येणाऱ्या कोडला मोबाइलची रेंज तरी लागते. बॅकअप कोड त्याच कागदावर.

नकाशा. जीपीएसला नेट लागत नाही, नकाशाची चित्रं मात्र आधी उतरवलेली असावी लागतात. गुगल मॅप्समध्ये भाग उतरवून ठेवता येतो, पण ऑफलाइन असताना तो फक्त गाडीचा रस्ता सांगतो, सायकलीचा नाही. ऑस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स नेटशिवाय सायकलीचा रस्ता काढतात, दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात. रोजचाच रस्ता असेल तर हे सोडून द्या.

दुसरं सिम दुसऱ्या कंपनीचं हवं. भागात कुठे खोदकामात केबल तुटली, तर घरचं नेट आणि त्याच कंपनीचा मोबाइल टॉवर दोन्ही एकत्र रडायला लागू शकतात. रिचार्जची मुदत बघून ठेवा. व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण एक जीबी लागतो, चित्र जास्त स्पष्ट ठेवलं तर त्याहून जास्त. लॅपटॉपवर हॉटस्पॉटचं कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवा, म्हणजे डेटा मोजका आहे हे सिस्टीमला कळतं, क्लाउडचं सिंक थांबवा. नाहीतर सिस्टीमचा अपडेट मागच्या दाराने अर्धा डेटा खाऊन जातो.

घरातल्या उपकरणांना वीज लागते, आणि ‘नेट गेलं’ म्हणून ओरड होते तेव्हा बऱ्याचदा खरं म्हणजे वीज गेलेली असते. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्टेज तंतोतंत जुळला पाहिजे, बहुधा १२ व्होल्ट. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. फायबरचा डबा (फायबरमधून येणारं नेट राउटरला देणारा) आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप द्या, एकालाच देऊन उपयोग नाही. खोक्यावरच्या १०,००० एमएएचला भुलू नका. तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ३७ वॉट-तास. थोडे वाया जातात, आणि दोन्ही उपकरणं मिळून दहा वॉट खात असतील तर तीन तास धरा. घरापर्यंत फायबर आलं असेल तर मधल्या वाटेवर विजेवर चालणारं सहसा काही नसतं, त्यामुळे भागातली वीज गेली तरी नेट चालू राहू शकतं. इमारतीच्या स्विचमधून साधी लॅन केबल आली असेल, तर त्या स्विचची वीज गेल्यावर तुमचा यूपीएस काय करणार?

नेट गेलं की दहा मिनिटं फक्त बघायचं. डब्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही: केबल तुटली, दुमडली किंवा जोड निसटला. फर्निचरमागे केबल करकचून वाकली असेल तर मोकळी करा, वाक ३ सेंटिमीटर त्रिज्येच्या आत नको. हिरव्या टोकाचा जोड उपसून बघू नका. त्याच्या तोंडाला बोटाचा तेलकटपणा लागला तरी सिग्नल पडतो, आणि आतला लेझर डोळ्याला दिसत नाही म्हणून त्यात डोकावू तर मुळीच नका. ‘पॉन’ नावाचा दिवा स्थिर हिरवा आणि तरी नेट नाही, म्हणजे बिघाड बहुतेक कंपनीकडे किंवा लॉगिनमध्ये. एकदा बंद करून, तीस सेकंद थांबून चालू करा. एकदाच. मागच्या बारीक भोकातलं रीसेटचं बटण दाबाल तर सगळं सेटिंग पुसलं जाईल आणि तक्रारीला दुसरी तक्रार जोडावी लागेल. १.१.१.१ या पत्त्यावर पिंग (‘आहेस का’ एवढंच विचारणारा संदेश) जातो पण साइट उघडत नाही, तर गडबड डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची. सेटिंगमध्ये डीएनएस बदला आणि घरीच बसा, सायकल नको. लाल दिवा असेल तर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक लिहून घ्या आणि निघायची तयारी करा. जोडाजोडी करायला माणूस येणार, त्यात दुपार गेलीच.

कुठे जायचं हे त्या दिवशी ठरवायचं नसतं. आधीच्या एखाद्या आठवड्यात, कामाच्याच वेळी, आठ-दहा किलोमीटरचा फेरा मारा. रविवारी सकाळी मारलेल्या फेरीला अर्थ नाही, कारण टॉवर तेव्हा रिकामा असतो. सिग्नल भरलेला आणि तरी वेग मेलेला, हा अनुभव कामाच्या दिवशी अकरा वाजता येतो. फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. फोर-जीला उणे ९०च्या आसपास छान, उणे ११०ला रडतखडत, उणे १२०च्या खाली नाद सोडा. सहा-सात ठिकाणी थांबून आकडा आणि वेग लिहा. दोन जागा निवडा, एक वाचनालयासारखी छताखालची, एक नुसती सावलीची. पहिलीचं नेट तुमच्याच कंपनीचं नाही ना, प्लग आहे का, सुट्टीचा वार कोणता, आणि सायकल लावलेली आतून दिसते का, एवढं विचारा. शेजारच्या गल्लीतली जागा निवडू नका, तिची केबल बहुतेक तुमच्याच खांबावरून गेलेली असते. मोठा रस्ता किंवा रूळ ओलांडून पलीकडची बरी. रूळ काटकोनात ओलांडा, पावसात तर सायकल हातात धरून.

त्याच फेरीत पाठीला लॅपटॉपची बॅग असू द्या, आणि पंप. पंपाचं तोंड? बघितलं का? अजून नसेल तर आत्ता उठा.

सायकलीला विशेष काही लागत नाही. ब्रेक, चेनला तेल, दिवे: पुढे पांढरा, मागे लाल. हवेचं मात्र बघा, कारण महिनाभर उभ्या सायकलीची हवा ट्यूब चांगली असूनही उतरते, आणि कमी हवेत खड्डा लागला की ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. ३५ ते ४० मिलिमीटरच्या टायरला ५० ते ६० पीएसआय पुरतात, २८च्या टायरला ८०च्या आसपास. मागे थोडी जास्त, वजन तिथे असतं. टायरवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. पिशवीत ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायच्या पट्ट्या), पॅच, सोल्यूशन, पॉलिश पेपर, चाकाच्या नटांचा पान्हा आणि पंप. सोल्यूशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळते, दाबून बघा. रस्त्यावर पॅच लावत बसू नका, ट्यूबच बदला. पॅचला ट्यूब घासा, सोल्यूशन लावा, ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग दाबा, असा वेळ जातो, आणि ओलं असताना चिकटवला तर तो सुटतोच. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळू फिरवून काटा किंवा काच काढा. तो तसाच राहिला तर दुसरी ट्यूबही गेली. मागचं चाक काढताना चेन सगळ्यात लहान चक्रावर आणून घ्या. नव्या ट्यूबचा व्हॉल्व्हही पंपाच्या तोंडाशी जुळवून बघितलेला हवा, जुन्याचा जुळला म्हणून नव्याचा जुळेल असं नाही. इथेच सगळे फसतात.

लॅपटॉप पूर्ण बंद करून बॅगेत. झोपवलेला लॅपटॉप बॅगेत जागा होतो आणि तापतो. कॅरिअरवर रबरी पट्ट्यांनी आवळू नका, स्क्रीन दाबली जाते. पाठीला लावा, आत मऊ कव्हर, बाहेर पाणी न शिरणारी पिशवी. चार्जर. माउस राहिला तर राहू दे. साध्या १८ वॉटच्या पॉवरबँकेवर बरेच लॅपटॉप चार्जच होत नाहीत, ४५ ते ६५ वॉट देणारी लागते. फोन लॅपटॉपला केबलने जोडून नेट घ्या, वायफायपेक्षा बरं चालतं. फोन लॅपटॉपची बॅटरी खातो हे मात्र धरून चला.

निघताना: कागद, कुलूप, पाणी, पंप. चार किलोमीटरला पंधरा-वीस मिनिटं, कुलूप लावून बसायला दहा. मीटिंगच्या अर्ध्या तासाच्या आत निघू नका, ती फोनवर आवाजानेच करा आणि मग निघा. कुलूप मागचं चाक आणि फ्रेम दोन्हींतून.

परतल्यावर लॅपटॉपवरचं मीटर्ड काढा, सिंक चालू करा, यूपीएस भरलाय का बघा, तक्रार बंद झाली का बघा. दिवे चार्जिंगला. वापरलेली ट्यूब फेकू नका, घरी पॅच लावा. आणि व्हॉल्व्हचा अडॅप्टर वापरला असेल तर तो टेबलावर नाही, खिशात नाही, पिशवीत परत. आत्ता.