जुनी आलिशान गाडी घेण्याआधी

दहा-बारा वर्षांची लक्झरी गाडी स्वस्तात मिळते, पण तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. ती नवी असताना ज्या दर्जाची होती, त्याच दर्जाचं बिल येतं.

पाहायला जाताना मालकाला आधीच सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. बॉनेट कोमट लागलं तर परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू होताना काही सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला, तर टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारी साखळी) किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर संपत आलेला असू शकतो. काही मॉडेलमध्ये त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं.

एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. एक कोपरा बसलेला दिसला की तिथली हवेची पिशवी किंवा व्हॉल्व्ह गळतोय. हवा भरत राहून कॉम्प्रेसरही दमतो, म्हणजे खर्च एकावर थांबत नाही.

स्कॅनर (गाडीत नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) फक्त इंजिनला नको, सगळ्या मॉड्यूलना, म्हणजे गाडीतल्या इतर छोट्या संगणकांनाही लावा. एकही कोड नाही आणि रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या घेत असलेल्या चाचण्यांची नोंद) अपूर्ण, तर कोड नुकतेच पुसलेत असं समजा (बॅटरी काढली होती, हे मालकाचं उत्तर ठरलेलं असतं).

बूटमधलं कार्पेट उचलून ओल बघा. अनेक गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स तिथेच असते.

गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभरासाठी’ असतं यावर विसंबू नका. ते बदलल्याची पावती मागा.