मोटरसायकल पडल्यावर ब्रेक लाईट लागत नाही? बल्ब बदलायच्या आधी हे बघा

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-तळेगाव पट्ट्यात रात्री रोही (नीलगाय) कधी आडवा येईल काही भरवसा नाही. सोयाबीन काढायच्या दिवसांत माझा लहान भाऊ असाच पडला, उजव्या अंगावर, खरचटण्यावर निभावलं. आरसा, इंडिकेटर, हँडल सगळं नीट करून घेतलं अन् चार दिवस गाडी तशीच चालवली, मागची लाल लाईट तर लागून राहिली होती म्हणून कोणाला शंकाच आली नाही. पाचव्या दिवशी मी त्याच्या मागं होतो, मधात बंडी (बैलगाडी) आली, त्यानं ब्रेक मारला अन् मागं काहीच उजळलं नाही, माझं चाक त्याच्या नंबर प्लेटपासून हातभर अंतरावर थांबलं.

तर पहिली गोष्ट, टेल लाईट लागते म्हणजे ब्रेक लाईट लागते असं नाही. साध्या गाड्यांच्या मागच्या बल्बात दोन तारा असतात, 5 वॅटची टेलची अन् 21 वॅटची ब्रेकची. एक जळली तरी दुसरी चालते. बल्ब काढून उजेडात धरा, तार तुटलेली दिसते. लावताना त्याच्या दोन पिना खालीवर असतात, जबरदस्तीनं उलटा बसवू नका.

बल्ब चांगला असेल तर चाबी ऑन करून आधी फक्त हाताचा ब्रेक दाबा, मग फक्त पायाचा. दोन्ही ब्रेकला वेगवेगळा स्विच असतो (काही जुन्या गाड्यांना समोर नसतो). एकानं लागते अन् दुसऱ्यानं नाही, तर बल्ब, फ्यूज, मागची वायर सगळं ठीक आहे, खराबी त्या एकाच स्विचकडं आहे. दोन्हीनं नाही लागत तर हॉर्न वाजवून बघा, बहुतेक गाड्यांत तो त्याच फ्यूजवर असतो, तोही मुका असेल तर फ्यूज अन् बॅटरीचे नट बघा.

उजव्या बाजूनं पडलेल्या गाडीत माझा पहिला संशय पायाच्या स्विचवरच असतो. पायदान मागं वाकतं, त्यासोबत ब्रेकचं पायडल वाकतं, अन् पायडलला जोडलेली ती बारीक स्प्रिंग एकतर निसटते नाहीतर ताणली जाते. भावाच्या गाडीत स्प्रिंगचा आकडा निसटून चिखलात चिकटून बसला होता, हातानं पुसल्यावर दिसला. स्प्रिंग ओढून बघा, लाईट लागली तर स्विच जिवंत आहे. आधी पायडल सरळ करा, ब्रेक ऍडजस्ट करा, मगच स्विचला हात लावा. स्विचचं अंग एका हातानं धरून प्लास्टिकचा नट फिरवायचा, अंगच फिरवलं तर आतल्या वायरी पिळून तुटतात. ब्रेक धरायच्या जरासा आधी लाईट लागली पाहिजे.

लाईट सतत लागूनच राहिली असेल तरी बहुतेक वेळा कारण असंच, पायडल किंवा समोरचा लिव्हर वाकून पूर्ण परत येत नाही. अशा वेळी दोन किलोमीटर चालवून ड्रमजवळ हात नेऊन बघा, गरम लागला तर ब्रेकसुद्धा धरून राहिला आहे अन् ते जास्त धोक्याचं आहे.

स्विच खराब वाटला तर त्याचा कपलर (वायरीचा प्लास्टिकचा जोड) काढून गाडीकडच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्यानं जोडा. लाईट लागली की स्विच बदला. नाही लागली तर वायर तुटलेली आहे. अन् जोडताच फ्यूज उडाला तर स्विचपासून बल्बापर्यंतची वायर कुठंतरी लोखंडाला लागून शॉट होत आहे, बहुतेक वेळा मागच्या मडगार्डखाली, जिथं वाकलेला पत्रा वायर कापतो. फ्यूज जेवढ्या अँपिअरचा होता तेवढाच टाका, चांदीचा कागद गुंडाळणारे मी पाहिले आहेत, त्यात फ्यूजच्या जागी वायरिंग किट जळते. वायर जोडायच्या आधी बॅटरीची मायनस काढा, सोलून पिळा, जमलं तर डाग (सोल्डर) द्या, टेप पक्की मारा.

ब्रेक दाबल्यावर टेल अन् इंडिकेटर मंद होत असतील तर बहुतेक अर्थची वायर (बॅटरीच्या मायनसकडं परत जाणारी) ढिली आहे. जुन्या हिरो होंडात हिरवी वायर म्हणजे अर्थ, हिरवी-पिवळी ब्रेक लाईटची. होल्डर अन् अर्थचा नट पॉलिश पेपरनं घासा.

शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवत दोन्ही ब्रेक दाबा, कारण पडल्यावर हँडलखालची वायर टाकीजवळ चेपते अन् फक्त वळतानाच सुटते. बघायला कोणी नसेल तर अंधार पडल्यावर गाडी गोठ्याच्या भिंतीला पाठ करून लावा, लाल उजेड भिंतीवर वाढतो की नाही ते बसल्या जागी दिसते.