अमेरिकेत आलात, आता वंशाचा रकाना भरा

पहिल्याच आठवड्यात तुमच्यापुढे एक फॉर्म येईल. दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, नोकरीच्या ठिकाणी, कुठेही. त्यात 'रेस' असा रकाना असतो. १९९८ साली मी त्यात मोठ्या आत्मविश्वासाने 'अमेरिकन इंडियन'वर खूण केली. इंडियन आहे, अमेरिकेत आहे, आणखी काय हवं? तो रकाना इथल्या मूळ रहिवाशांचा. आपला 'एशियन'. दर वर्षी नवीन आलेलं कोणी ना कोणी हीच खूण करतं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

तसं बघितलं तर आपल्याला कुठे बसवायचं हे या देशालाही कधी नीट कळलेलं नाही. १९३०च्या जनगणनेत 'हिंदू' नावाचा वंशच होता, त्यात शीख आणि मुसलमानही आले. १९७०मध्ये आपल्याला गोऱ्यांत मोजलं. १९८०पासून एशियन.

घोळ जुना आहे. १७९०च्या कायद्याने नागरिकत्व फक्त गोऱ्या, स्वतंत्र माणसाला मिळायचं. गुलामी संपल्यावर, १८७०मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात घेतलं. मधले सगळे लटकले. पंजाबातून आलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांच्या नागरिकत्वाचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. त्यांच्या बाजूने काय मांडलं गेलं, तर आम्ही उच्चवर्णीय आर्य, म्हणजे तुमच्यातलेच. वर हेही, की सोयरिकीच्या बाबतीत तुम्ही काळ्यांना जसं लांब ठेवता तसंच आम्ही आमच्याकडच्या मूळनिवासींना ठेवतो. १९२३मध्ये न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, आणि तुम्ही त्यात नाही. मग आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला लागले. कॅलिफोर्नियातल्या वैष्णो दास बगाईंचं नागरिकत्व गेलं, त्यापाठोपाठ मालमत्ता गेली, आणि १९२८मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

हे एवढं लांबण लावून सांगतोय, कारण तो युक्तिवाद अजून जिवंत आहे. शनिवारच्या पार्टीत तो हमखास ऐकू येतो. 'आपण शिकलेले, आपण टॅक्स भरतो, आपलं वेगळं आहे.' १९८७मध्ये इथे जर्सी सिटीत भारतीयांना हुसकून लावायला निघालेल्या टोळीने टिकलीवरून स्वतःला 'डॉटबस्टर्स' असं नाव दिलं होतं. त्याच वर्षी होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारहाण झाली, त्यात तो गेला. चांगला बँकेत नोकरीला होता. मारणाऱ्यांनी काही डिग्री विचारली नाही.

आणि ज्या दारातून आपण आलो ते कोणी उघडलं तेही ठाऊक असू द्या. १९४६च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला शंभर जागा होत्या. अख्ख्या देशाला शंभर! मार्च १९६५मध्ये अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या काळ्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला, आणि त्याच लाटेत ऑक्टोबरमध्ये देशांनुसार ठरवलेला जुना कोटा मोडणारा इमिग्रेशन कायदा. मार त्यांनी खाल्ला, व्हिसा आपल्याला मिळाला. जोतिराव फुले कधी इथे आले नाहीत, तरी १८७३मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती इथल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना. आपण वीस-वीस वर्षं इथे राहून काळ्यांना 'कल्लू' म्हणतो. तो शब्द गाडीत नको, फोनवर नको, घरात तर नकोच. मुलं ऐकतात, आणि शाळेत जाऊन बोलतात.

एक नवीन आलेला मुलगा माझ्या गाडीत होता. नेवार्कमध्ये सिग्नलला थांबलो. पाठीला दप्तर लावलेला एक काळा पोरगा समोरून रस्ता ओलांडत होता. याने हळूच दाराचं बटण दाबलं. खट्. काच अर्धी खाली होती. पोरगा चालता चालता थांबला, आमच्याकडे बघितलं आणि गेला. मी काही बोललो नाही, कारण तो आवाज मी दुसऱ्या बाजूने ऐकला होता. सप्टेंबर २००१मध्ये सुपरमार्केटच्या पार्किंगमधून चाललो होतो, दाढी वाढलेली होती, आणि गाडीतल्या एका बाईंनी मला बघून असंच बटण दाबलं होतं. त्या मुलाला हे मी घरी पोचल्यावर सांगितलं.

घर घेताना एजंटला 'इथे कोणते लोक राहतात?' असं विचारू नका. तो गप्प होईल, आणि तुम्हाला वाटेल काहीतरी लपवतोय. वंश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवायला किंवा तिथून परतवायला १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने बंदी आहे. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंगना मारल्यावर आठवड्याभरात तो कायदा झाला. 'तो एरिया चांगला नाही' हे तुम्हाला आपलीच माणसं सांगतील. का चांगला नाही, हे कोणी सांगणार नाही. १९३०च्या दशकात सरकारी नकाशांत काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या, म्हणजे तिथे कर्ज देणं धोक्याचं. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, म्हणून घराला किंमत नाही, आणि शाळेचा बराचसा पैसा घरपट्टीतून येतो. पुढचं तुम्हीच जोडा.

पोलिसांनी गाडी थांबवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि सांगतील तेव्हाच कागद काढायचे.

आता माझी चूक. २००४मध्ये माझ्या मॅनेजरने चारचौघांत सांगितलं की क्लायंटला माझे उच्चार कळणार नाहीत. दोन महिन्यांनी, ज्याला मीच काम शिकवलं होतं त्याला माझ्यावर बसवलं. माझं ग्रीन कार्ड अडकलेलं. मित्र म्हणाले, 'गप्प बस, कार्ड येऊ दे.' बसलो. कार्ड आलं तोवर अडीच वर्षं झाली होती. मग वकिलीणबाईंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'तारीख?' मला फक्त उन्हाळा आठवत होता. दुसरा प्रश्न, 'कागद?' एकही नव्हता. त्यांनी फाइल मिटली. पगारातली ती तफावत पुढच्या प्रत्येक वाढीत माझ्याबरोबर चालत राहिली.

म्हणून सांगतो, लिहून ठेवा. त्याच दिवशी, घरच्या वहीत, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही. काय शब्द वापरले, कोण हजर होतं, किती वाजता. नोकरीतल्या भेदभावाची तक्रार ईईओसी या सरकारी कार्यालयात करायची असते, आणि त्याला साधारण १८० दिवसांची मुदत असते. तसाच कायदा राबवणारं राज्याचं कार्यालय असेल तिथे ३००. मुदत तो प्रकार घडला त्या दिवसापासून मोजतात, तुम्हाला धीर आला त्या दिवसापासून नाही. एचआरला सांगितलं म्हणजे तक्रार झाली असं नाही. एचआर कंपनीचं असतं. आणि लिहून ठेवा. हो, दुसऱ्यांदा सांगतोय.

राहिले आईबाबा. फेब्रुवारी २०१५मध्ये अलाबामातल्या मॅडिसनमध्ये सुरेशभाई पटेल नातवासाठी गुजरातहून आले होते. सकाळी घराबाहेर फिरत होते. कोणीतरी पोलिसांना फोन केला की एक बारीक काळा माणूस हिंडतोय. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने खाली आपटलं, मानेला इजा होऊन अंगातली ताकद गेली. तेव्हा आईबाबा आले की पहिल्या रविवारी त्यांना आजूबाजूच्या चार घरांत नेऊन ओळख करून द्या, आणि फिरायला जाताना तुमचा पत्ता-फोन लिहिलेली चिठ्ठी बरोबर द्या. माझे बाबा ऐकेनात. 'मी काय जत्रेत हरवणार आहे?' शेवटी आईने ती त्यांच्या चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवली. त्यांना परत जाईपर्यंत कळलं नाही.