एका पायावर तोल: या चुका टाळा

घोटा मुरगळला की घरातलं प्रत्येक जण सांगतं, "पाय उशीवर घे आणि पडून राहा." दुखऱ्या पायाला विश्रांती हवीच. पण त्याच्यासोबत धडधाकट पायालाही सुट्टी मिळते, आणि मला हीच सगळ्यांत मोठी चूक वाटते.

एका बाजूच्या सरावाचा काही वाटा दुसऱ्या बाजूलाही मिळतो. १८९४ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि सहकाऱ्यांनी हे हातांवर दाखवलं. सराव एकाच हाताला दिला, तरी दुसऱ्या हाताचीही ताकद आणि अचूकता वाढली. शिकली होती मज्जासंस्था. तोलाचंही तसंच आहे. घोट्यातून, गुडघ्यातून येणारे संदेश, डोळे आणि कानाच्या आतला तोलाचा अवयव यांची सांगड मेंदू घालतो. ती घालायची सवय एका पायापुरती राहत नाही.

म्हणून डॉक्टरांची हरकत नसेल तर चांगल्या पायावर रोज २०-३० सेकंद, चार-पाच वेळा उभं राहा. खुर्चीची पाठ हाताशी असू द्या.

याच्या उलट चूकही होते. "दुसऱ्या पायाला आपोआप फायदा होतोय ना," म्हणून दुखऱ्या पायाचा सराव टाळला जातो. मिळणारा वाटा थोडाच असतो. ताणल्या गेलेल्या अस्थिबंधांचं (हाडांना हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांचं) काम चांगला पाय करू शकत नाही. दुखणं थांबल्यावर सराव सोडणाऱ्यांचा तोच घोटा पुन्हा मुरगळताना मी पाहिलाय.

सुरुवातीला दोन्ही पायांची वेळ घड्याळ लावून लिहून ठेवा. नाहीतर महिन्याभराने "काहीच फरक नाही" असं वाटतं आणि सराव सुटतो.

उभं राहण्यातल्या चुका आरशात लगेच दिसतात. गुडघा मागे ताठ करून अडकवू नका, किंचित सैल ठेवा. बोटांनी जमीन घट्ट पकडत असाल तर भार टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ या तीन जागी वाटा. उचललेला पाय उभ्या पायाला टेकवला की आधार मिळतो आणि सराव हलका होतो. (वृक्षासनात तळवा मांडीला किंवा पोटरीला लावतात, ते ठीक, गुडघ्यावर मात्र कधीच दाबू नका.)

सगळ्यांत जास्त निसटते ती कंबर. उचललेल्या पायाकडची बाजू खाली झुकत असेल तर उभ्या पायाच्या खुब्याचे बाहेरचे स्नायू कमी पडताहेत. लोक दोष घोट्याला देतात. अशा वेळी सेकंद कमी करा, पण कंबर समतल ठेवा.

उघड्या डोळ्यांनी ३० सेकंद जमल्याशिवाय डोळे मिटू नका. मऊ गादीवर किंवा ओल्या फरशीवर तर सुरुवात नकोच. चक्कर येत असेल किंवा मधुमेहामुळे तळवे बधिर असतील तर स्वयंपाकाचा ओटा धरूनच, घरात कुणीतरी असताना करा.

घोटा बारीक थरथरतोय म्हणून घाबरून थांबू नका. तोल सावरण्याचं काम तेव्हाच चालू असतं. दुखायला लागलं, तर मात्र लगेच पाय टेका.