इंदूरमध्ये नर्सिंगच्या दोन-तीन ऑफर हाती आल्यावर निवड कशी करावी

बी.एस्सी. नर्सिंग किंवा जी.एन.एम. (नर्सिंगचा डिप्लोमा) पूर्ण होऊन मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन काउन्सिलची नोंदणी हाती आली की इंदूरमध्ये मुलाखतींना तोटा नसतो आणि एकाच आठवड्यात दोन-तीन ठिकाणांहून बोलावणे येणेही नवलाचे नाही. अडचण पुढे येते. रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या घरी ती पत्रे टेबलावर मांडली की आई-वडिलांपासून काकांपर्यंत सर्वांची नजर आधी पगाराच्या आकड्यावर जाते आणि निर्णय बहुधा तिथेच होऊन जातो. माझ्या मते तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा. त्याआधी एका पाळीत आपल्याकडे किती रुग्ण असतील, महिन्याचे एकूण तास किती भरतील आणि दोन वर्षांनी तिथून निघताना कोणत्या विभागाचे, किती खाटांच्या रुग्णालयाचे अनुभव प्रमाणपत्र मिळेल, हे विचारून घ्यावे.

रुग्णसंख्येचा प्रश्न मुलाखतीतच, नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावा. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषांनुसार सामान्य वॉर्डात सहा रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स असायला हवी. प्रत्यक्षात हे प्रमाण सर्वत्र पाळले जात नाही, म्हणूनच “दिवसा किती?” एवढ्यावर न थांबता “रात्री किती, आणि एखादी सिस्टर रजेवर असेल तेव्हा किती?” असेही विचारावे. रात्रपाळीत वीस-पंचवीस रुग्ण एकाच नवख्या नर्सवर सोपवले जात असतील, तर तिथे कामाचा ताण तर असतोच, शिवाय औषध चुकण्याचा धोकाही असतो, आणि चूक झाल्यास जाब नर्सलाच विचारला जातो.

शक्य असेल तर मुलाखतीनंतर वॉर्ड पाहण्याची परवानगी मागावी आणि संध्याकाळची पाळी बदलताना तिथे थांबावे. ओव्हर देणारी, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवणारी, सिस्टर रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन सलाईनचा वेग, कॅथेटर, दिलेली आणि राहिलेली औषधे सांगते आहे, की काउंटरवरूनच “सगळे ठीक आहे” म्हणून पर्स उचलते आहे, हे पाच मिनिटांत कळते. क्रॅश कार्टला (तातडीच्या उपचारांचे साहित्य ठेवलेल्या गाडीला) लावलेली तपासणी यादी पाहावी. तिच्यावरची शेवटची सही आज-कालची असेल तर त्या वॉर्डाला शिस्त आहे असे समजावे. महिन्यापूर्वीची असेल तर बाकीच्या माहितीपत्रकावर फारसा विश्वास ठेवू नये. नर्सिंग स्टेशनवर लावलेल्या ड्युटी रोस्टरमध्ये एकाच नावापुढे सलग किती रात्रपाळ्या आहेत, तेही नजरेखालून घालावे.

आता पगार. पत्रातला आकडा “सीटीसी”चा (रुग्णालयाला पडणाऱ्या एकूण खर्चाचा) आहे की “ग्रॉस”चा (कपातीपूर्वीच्या पगाराचा), हे प्रथम पाहावे, कारण सीटीसीत रुग्णालयाने भरायचा भविष्यनिर्वाह निधीचा (पीएफ) हिस्सा आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. उदाहरणादाखल, पहिली ऑफर महिना २६,००० रुपये सीटीसीची, मूळ वेतन १३,००० आणि पाळी बारा तासांची आहे असे समजू. रुग्णालयाचा बारा टक्के पीएफ १,५६० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६२५ रुपये वजा केले की ग्रॉस २३,८१५ उरते. त्यातून आपला पीएफ १,५६० गेल्यावर हाती साधारण २२,२५५ येतात. दुसरी ऑफर ग्रॉस २१,००० ची, मूळ वेतन १२,००० आणि पाळी आठ तासांची आहे. पीएफचे १,४४० आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) सुमारे १५८ रुपये कापून हाती १९,४०२ येतात. व्यवसाय कर, जेवण किंवा गणवेशाची कपात असल्यास ती दोन्हीकडे वेगळी धरावी. आता महिन्याच्या २६ ड्युट्यांनी तास मोजावेत. पहिल्या ठिकाणी ३१२ तास भरतात आणि तासाला ७१ रुपये पडतात, तर दुसऱ्या ठिकाणी २०८ तासांत तासाला ९३ रुपये.

शिवाय ईएसआयची मर्यादा दरमहा २१,००० रुपये वेतनाची असल्याने दुसऱ्या ठिकाणी नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयाचा लाभ नर्सला आणि पात्र ठरल्यास तिच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही मिळू शकतो. घरात मधुमेहाची किंवा डायलिसिसची औषधे चालू असतील तर हा मुद्दा सुमारे २,८५० रुपयांच्या फरकाहून मोठा ठरतो. पहिल्या ठिकाणी त्याऐवजी आरोग्य विमा मिळतो का आणि त्यात आई-वडील येतात का, हे लेखी घ्यावे.

पगाराबाबत घासाघीस करताना संकोच बाळगू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०१६ मध्ये नेमलेल्या केंद्रीय समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० रुपये आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारी नर्सएवढे वेतन द्यावे, अशी शिफारस केली होती. ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. तरीही आपली मागणी अवाजवी नाही हे त्यावरून शांतपणे सांगता येते.

पुढे सरकारी नोकरीचा विचार असलेल्या जी.एन.एम. उमेदवारांनी खाटांची संख्या विशेष पाहावी. एम्समधील भरतीसाठी होणाऱ्या नॉरसेट परीक्षेला जी.एन.एम. झालेल्यांकडून किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो. तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये चार वर्षे मनापासून काम केले तरी तो अनुभव तिथे धरला जात नाही, आणि ही गोष्ट वेळेत कोणी सांगत नाही, म्हणून ती इथे मुद्दाम लिहीत आहे. अनुभव प्रमाणपत्रावर खाटांची संख्या आणि विभाग यांचा उल्लेख मिळेल का, हे रुजू होण्यापूर्वीच एचआरला विचारावे. नियुक्तिपत्र रुग्णालयाचे आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचे, हेही त्याच वेळी पाहावे, कारण नियुक्तिपत्र देणाराच पुढे प्रमाणपत्र देतो आणि पीएफ भरतो.

बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असल्यास मुदत, रक्कम आणि नोटीसचा कालावधी ही तिन्ही कलमे घरच्या कोणा जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावीत. मूळ मार्कशीट आणि नोंदणी प्रमाणपत्र दाखवून परत घ्यावे, कुठेही जमा करू नये. त्यावर अडून बसणाऱ्या रुग्णालयाची ऑफर कितीही मोठी असली तरी मी ती बाजूला ठेवीन. पुणे किंवा वडोदऱ्याची ऑफर असेल तर त्या राज्याच्या काउन्सिलमध्ये नोंदणी करून घ्यावी लागते. त्यासाठी लागणारा वेळ आणि खर्च, तसेच खोलीचे भाडे, हिशेबात धरावे.

निर्णयासाठी तीन-चार दिवसांची मुदत ईमेलने मागावी. “घरच्यांशी बोलून शुक्रवारपर्यंत कळवते” एवढे वाक्य पुरते, आणि शुक्रवारी खरोखर कळवावे. जिथे जायचे नाही तिथल्या मेट्रनना त्याच दिवशी फोन करून आभार मानावेत व नकार लेखीही पाठवावा, म्हणजे ती जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या मुलीला वेळेत मिळते.